आधी थांबायला शिकू, मग घसरू : बर्फावरच्या खेळात घ्यायची काळजी



आपल्या वऱ्हाडात बर्फ दिसतो तो रसवंतीवर, नाहीतर लग्नाच्या मांडवात पाण्याच्या टाकीत टाकलेला. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. अशा मुलखात आम्ही बर्फावर घसरण्याच्या खेळाबद्दल काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण विषय आपल्या दारापर्यंत आला आहे. गटातल्या बाया आता फिरायला जातात. आधी शेगाव, पंढरपूर झालं, मग वैष्णोदेवी झाली, आता बैठकीत कुलू-मनालीचं नाव निघतं. कापूस, तूर, हरभरा घराबाहेर गेला, मृगाला अजून वेळ आहे, लेकरांच्या शाळांना सुट्ट्या आहेत, म्हणून एप्रिल-मे गाठला जातो. बडनेऱ्याहून रेल्वे, दिल्लीहून बस, आणि पुढे रोहतांगच्या घाटात उन्हाळ्यातही बर्फ. पुण्या-मुंबईला कामाला असलेली आपली मुलं-सुना तर भर हिवाळ्यात गुलमर्गला, औलीला जातात.

तिथे गाडीतून उतरलं की चार माणसं भोवती जमतात. कोणी भाड्याचा कोट देतो, कोणी बूट, कोणी पायाला बांधायच्या लांब फळ्या पुढे करतो. "दीदी, फोटोपुरतं तरी घाला, पाच मिनिटांचं काम आहे." चारजणी हसत हसत तयार होतात, पाचवीला नाही म्हणवत नाही.

बर्फ मऊ दिसतो, म्हणून पडलं तर लागणार नाही असा आपला समज असतो. पण लोकांच्या पायांनी दाबलेला बर्फ फरशीसारखा टणक होतो. पडताना हात टेकला की मनगट जातं, पाय पिळला गेला की गुडघा जातो. महिन्याचा पगार असणाऱ्या बाईला सहा आठवड्यांचं प्लास्टर म्हणजे रजेचा अर्ज. आपल्यासाठी मे महिन्यात मोडलेलं मनगट म्हणजे जूनची पेरणी हातची गेली, जुलैचं निंदण गेलं, मजुरी बुडाली, गटाचा हप्ता अडला आणि भाकरी थापायलाही दुसरीची वाट पाहायची. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ. जाऊ नका असं आमचं सांगणं नाही. जा, पण धडधाकट परत या.

हा खेळ शिकून खेळायचा आहे

पायात टणक बूट घालून दोन्ही पायांना दोन लांब, अरुंद फळ्या बसवतात आणि उतारावरून घसरत जातात, त्याला स्कीइंग म्हणतात. हातात तोल सांभाळायला दोन काठ्या असतात. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे बांधलेले असतात, काठ्या नसतात. दोन्ही खेळांत वेग घ्यायला काही करावं लागत नाही, उतारच वेग देतो. सगळं शिक्षण आहे ते वेग कमी करण्याचं आणि थांबण्याचं.

मनालीजवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर हिने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. स्कीइंगमधलं भारताचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. गुलमर्गला २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होतात, तिथे महाराष्ट्राची मुलं-मुलीही खेळायला जातात. म्हणजे खेळ चांगला आहे, बाईमाणसाला जमणारा आहे. मनालीला अटल बिहारी वाजपेयी यांच्या नावाची गिर्यारोहण संस्था आहे, गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंगची संस्था आहे. तिथे नवशिक्यांचे वर्ग अनेक दिवस चालतात. जे शिकायला तिथे इतके दिवस लागतात, ते कोट-बूट भाड्याने देणारा पाच मिनिटांत कसं शिकवील? हा हिशेब आधी मनात पक्का करा.

ज्यांना शिकायचं आहे त्यांनी संस्थेत किंवा राज्याच्या पर्यटन विभागाकडे नोंद असलेल्या प्रशिक्षकाकडे शिकावं. नोंदणीचा कागद दाखवा म्हणायला लाजू नका. गटाच्या कर्जाची फाईल करताना आपण बँकेला दहा कागद देतोच ना!

पायात घालण्याआधी

पहिली गोष्ट बूट. बुटात बोटांची टोकं समोर जेमतेम टेकावीत, आणि गुडघा पुढे वाकवला तरी टाच उचलली जाऊ नये. सैल बुटात पाय आत फिरतो आणि पिळला जातो. थंडी वाजते म्हणून दोन-दोन मोजे घालू नका, पाय आवळला की रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतो. लोकरीचा एकच मोजा पुरे. जोडवी आधीच काढून पर्समध्ये ठेवा. त्या टणक बुटात जोडवं बोटात रुततं, आणि बोट सुजलं तर निघतही नाही.

दुसरी गोष्ट, बूट फळीला जोडणारी कडी. पडताना ती आपोआप सुटली पाहिजे. ती सुटली नाही तर लांब फळी पायाला घेऊन फिरते आणि गुडघ्यातला बंध तुटतो. या खेळात ही इजा पुरुषांपेक्षा बायांना जास्त होते. कडी किती घट्ट ठेवायची हे आपलं वजन, उंची, वय आणि सराव पाहून ठरवतात. म्हणून वजन विचारलं तर खरं सांगा. कोणी काही न विचारताच फळ्या बांधू लागला, तर तिथूनच मागे फिरा.

तिसरी गोष्ट हेल्मेट. ते डोक्यावर घट्ट बसावं, मान हलवली तर हेल्मेट वेगळं हलू नये, हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं जातील एवढीच जागा असावी. हेल्मेटच्या आत अंबाडा किंवा मोठी क्लिप नको, वेणी खाली सोडून कोटात घाला. हेल्मेटने डोक्याच्या इजा कमी होतात, पण ते घातलं म्हणजे काहीही केलं तरी चालतं असं नाही. मोटारशर्यतीतला जगज्जेता मायकेल शूमाकर २९ डिसेंबर २०१३ ला फ्रान्समध्ये स्कीइंग करताना आखलेल्या वाटेच्या बाहेर खडकावर आदळला. हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला, पण मेंदूला जबर इजा झालीच.

चौथी गोष्ट कपडे. पऱ्हाटी आपल्याकडचं पांढरं सोनं. पण बर्फात सुती कपडा कामाचा नाही. तो ओला झाला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. आत अंगाला बसणारा लोकरीचा किंवा पाणी न धरणारा कपडा, त्यावर स्वेटर, सगळ्यांत वर पाणी आणि वारा अडवणारा कोट, असे तीन थर घाला. साडी नेसून फळ्या बांधू नका. पदर, ओढणी, लांब मफलर हे सगळं वर ओढून नेणाऱ्या दोरीत किंवा पाळण्याच्या खुर्चीत अडकू शकतं. मंगळसूत्र कपड्याच्या आत घाला, काचेच्या बांगड्या काढून ठेवा. हातमोजे हवेतच.

आधी पडणं, मग थांबणं, मग घसरणं

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्याला ठाऊक आहे. आखाड्यात नव्या पोराला डाव शिकवण्याआधी पडायला शिकवतात. बर्फावरही तसंच आहे.

तोल गेला असं वाटलं की अंग ताठ करू नका. बाजूला, डोंगराच्या अंगाला पडा. हात पुढे ठेवा, पण तळवा टेकून अंगाचा भार झेलू नका. स्कीवर असताना मागे खाली बसायचा प्रयत्न करू नका, गुडघ्याचा बंध तुटतो तो बहुतेक अशाच वेळी. घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायची घाई नको. पडताना काठ्या सोडून द्या, काठी मुठीत राहिली तर अंगठा मोडतो. स्नोबोर्डवर मनगटाच्या इजा सर्वांत जास्त होतात, म्हणून पडताना मूठ मिटून कोपरापर्यंतचा हात टेकवायचा, आणि मनगटाचा पट्टा मिळत असेल तर बांधायचा.

आता थांबणं. स्कीच्या दोन्ही फळ्यांची समोरची टोकं जवळ आणि मागची टोकं लांब केली की वरून पाहता घराच्या उतरत्या छपरासारखा आकार होतो. गुडघे थोडे वाकवून आतल्या कडांवर जोर दिला की वेग कमी होतो. अंगणाएवढ्या, जवळजवळ सपाट जागेवर हे दहा वेळा करून पाहा. दहापैकी दहा वेळा थांबता आलं तरच थोड्या चढाच्या जागी जा. उभं असताना फळ्या उताराला आडव्या ठेवा, म्हणजे त्या आपोआप पळणार नाहीत.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने या खेळासाठी वागण्याचे दहा नियम घालून दिले आहेत. त्यांतले आपल्याला लागणारे असे : खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला, कारण त्याला मागचं दिसत नाही, सांभाळायचं ते वरून येणाऱ्याने. आपल्याला जेवढं जमतं तेवढाच वेग ठेवायचा. वाटेच्या मधोमध किंवा वळणाआड थांबायचं नाही, कडेला थांबायचं. पायी वर जायचं तेही कडेने. पाट्या आणि खुणा पाळायच्या. कोणी पडलं तर मदत करायची.

आपल्या बाया फळ्या न बांधताही धडकेत सापडतात, कारण फोटो काढायला उताराच्या मध्ये, वर पाठ करून उभ्या राहतात. वरून येणारा नवशिक्या असेल तर त्याला थांबता येणार नाही हे धरूनच चाला. फोटो काढा, पण कडेला उभं राहून, आणि तोंड वरच्या बाजूला ठेवून.

दोरीच्या पलीकडे जायचं नाही

बर्फाच्या मैदानात दोरी, झेंडे किंवा पाट्या लावलेल्या असतात. त्यांच्या पलीकडचा बर्फ अजून कोरा आणि सुंदर दिसतो. तिथेच धोका असतो. डोंगरावर बर्फाचे थर एकावर एक बसतात. खालचा थर कच्चा असेल आणि वर नवा जड बर्फ पडला असेल, तर माणसाच्या वजनानेही वरचा थर सुटून खाली येतो. यालाच हिमस्खलन म्हणतात. उताराचा कोन ३० ते ४५ अंश असेल तिथे हे जास्त घडतं. गाडला गेलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची आशा चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने कमी होते.

४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये गंगटोक ते नाथूला रस्त्यावर असंच झालं. पर्यटकांना १३ व्या मैलापर्यंतचाच परवाना होता, पण काहीजण पुढे १५ व्या मैलाजवळ बर्फात गेले होते. सातजण दगावले. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर पोलंडचे दोन स्कीपटू बर्फाखाली गेले. ते तर सराव असलेले लोक होते. आणि आपल्या जवळचं सांगायचं तर जानेवारी २०१७ मध्ये उत्तर काश्मीरच्या गुरेझ आणि माछिल भागात बर्फ कोसळून लष्कराचे जवान शहीद झाले, त्यांत आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले जवान होते. ते तिथे कर्तव्यावर होते, मागे फिरायची मुभा त्यांना नव्हती. आपल्याला आहे. म्हणून दोरीपाशी थांबायचं.

मे महिन्यात आणखी एक धोका असतो. वरून जाड दिसणारा बर्फ खालून वितळलेला असतो आणि आतून ओढा वाहत असतो. खालून पाण्याचा आवाज आला, बर्फात भोक किंवा तडा दिसला, की तिथे पाय देऊ नका, लेकरांना सोडू नका. ताजा बर्फ पडल्यावर एक-दोन दिवस आणि हवामानाचा इशारा असेल तेव्हा वर जाणं पुढे ढकला. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि अटल बोगद्याच्या मध्ये बर्फ पडून सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या. जवळ पाणी, खाणं आणि पांघरूण असेल तर असा अडकलेला वेळ निभावून नेता येतो.

उंची, थंडी आणि ऊन

आपलं चिखलदरा साधारण १,१०० मीटर उंचीवर आहे. मनाली २,००० मीटरच्या थोडं वर, आणि रोहतांग ३,९७८ मीटर. मनालीहून सकाळी निघून दुपारी रोहतांगला पोचलं, म्हणजे काही तासांत जवळपास १,९०० मीटर चढलो. तिथे दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपास असतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, चार पावलांत दम लागणं ही उंचीची लक्षणं आहेत. त्यावर खरा उपाय एकच, लवकर खाली उतरणं. गोळी घेऊन वर थांबून राहू नका. मनालीला पोचल्यावर एक दिवस विसावा घ्या आणि मग वर जा. रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. गरोदर बाईने आणि गुडघे किंवा हाडं कमजोर असलेल्या बाईने फळ्या बांधूच नयेत. बर्फ हातात घेऊन खेळण्यातही आनंद असतो.

संडासाची सोय नाही म्हणून आपल्या बाया प्रवासात पाणीच पीत नाहीत. उंचावर हे आणखी वाईट, डोकेदुखी आणि थकवा वाढतो. थोडं थोडं कोमट पाणी पीत राहा. दारूने थंडी पळते हा समज खोटा आहे. वरवर गरम वाटतं, पण अंगातली ऊब त्वचेवाटे निघून जाते.

कोणी सतत कुडकुडत असेल, मग बोबडं बोलू लागलं, पाय अडखळू लागले, तर थंडी अंगात शिरली असं समजा. आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण द्या, शुद्धीवर असेल तर गोड चहा द्या. बोटं पांढरी आणि बधिर झाली तर चोळू नका आणि शेकोटीवर धरू नका. बधिर बोटाला चटका कळत नाही. काखेत धरा किंवा कोमट पाण्यात ठेवा, आणि डॉक्टरला दाखवा.

आणि ऊन! थंडीत ऊन लागत नाही असं वाटतं. पण ताजा बर्फ डोळ्यांना आणि कातडीला इजा करणारे किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी येतं, काही वेळ दिसेनासंही होतं. म्हणून काळा चष्मा हवाच, लेकरांनाही हवा.

लागलं तर

डोक्याला मार लागला आणि माणूस उठून हसला, तरी त्याला एकटं सोडू नका. नताशा रिचर्डसन नावाची इंग्लंडची अभिनेत्री मार्च २००९ मध्ये कॅनडात स्कीइंग शिकत असताना सोप्या उतारावर पडली. हेल्मेट नव्हतं. मी बरी आहे म्हणाली, डॉक्टरला नको म्हणाली. काही वेळाने डोकं दुखू लागलं आणि दोन दिवसांनी ती गेली. कवटीच्या आत रक्त साठत होतं. म्हणून डोक्याला लागल्यावर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरकडे दाखवणं नक्की. डोकेदुखी वाढली, उलटी झाली, गुंगी आली तर एक मिनिट थांबू नका.

हातपाय सुजला, वाकडा दिसला, भार घेता येईना, तर चोळून किंवा ओढून सरळ करू नका. आहे तसाच ठेवून घडी केलेल्या वर्तमानपत्राचा किंवा काठीचा आधार देऊन ओढणीने बांधा. मान किंवा पाठीला लागलं असेल तर बर्फाच्या गस्तीची माणसं येईपर्यंत हलवू नका, वरून येणाऱ्यांना सावध करायला एकजण वरच्या बाजूला उभी राहा. मदतीसाठी ११२ हा क्रमांक देशात सगळीकडे चालतो.

पैशाचीही तजवीज आधी करा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या खात्यातून जातात. त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख आणि कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर १ लाख मिळतात. मोडलेल्या हाताच्या प्लास्टरचा खर्च त्यात मिळत नाही. आयुष्मान कार्ड सोबत ठेवा, पण ते योजनेत असलेल्या दवाखान्यात भरती झाल्यावरच चालतं. प्रवासाचा वेगळा विमा घेत असाल तर त्यात साहसी खेळ धरलेत की वगळलेत, हे वाचून किंवा वाचवून घ्या आणि मगच सही करा.

शेवटची गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. बर्फावर पाय ठेवल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही, म्हणून ठरवायचं ते इथे, बैठकीतच. कोण फळ्या बांधणार, कोण नाही, हे निघण्याआधी ठरवा आणि ठरावाच्या वहीत लिहा. तिथे कोणी आग्रह केला तर "आमचं गटात ठरलंय" एवढं म्हणणं पुरतं. नाही म्हणणाऱ्या बाईला भित्री म्हणून चिडवायचं नाही, तिचं सामान सांभाळायला तिलाच बसवून ठेवायचं नाही. आणि जिला शिकायचंच आहे, तिने दोन दिवस जास्त काढावेत, नीट शिकावं. पुढच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला की हा लेख एकीने मोठ्याने वाचावा, आणि जोडव्यांपासून विम्यापर्यंत एकेक गोष्ट तपासून घ्यावी.

जय गुरुदेव!